आजीचं लुगडं आणि मुदत संपलेली फिल्म
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'एक्स-रेच्या फिल्मवर फोटो कसे काढतेस ते सांग,' असं समितीने मला कळवलं आणि त्याखाली 'केमिकलची नावं कमी घे' अशी सूचनाही जोडली. दोन्ही पाळायचा प्रयत्न करते. पण सुरुवात या भिंतीवर लावलेल्या फोटोंपासून करू, कारण सकाळपासून चार जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. नंदाखाल, निर्मळ, भुईगावकडच्या आपल्या कुपारी आज्या लाल लुगडं नेसतात, हे वसईत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मग या फोटोंत सगळ्या जणी काळं नेसून का बसल्यात?

त्या लालच नेसून बसल्या होत्या. मी वापरलेल्या फिल्मला लाल रंग दिसत नाही.

फोटोच्या फिल्मवर चांदीचे क्षार असतात, ते जात्याच फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखतात. १८७३ मध्ये हर्मन फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं की त्यांत योग्य रंगद्रव्य मिसळलं तर ते हिरवाही ओळखू लागतात. अशा फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. लालसकट सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा इंग्लंडमध्ये १९०६ साली बाजारात आल्या. पण त्या आल्या म्हणून सगळ्यांनी लगेच घेतल्या नाहीत. ऑर्थो स्वस्त, शिवाय लाल दिव्याखाली डोळ्यांसमोर धुता येते. पॅनक्रोमॅटिक मात्र ठार अंधारात, घड्याळावर भरवसा ठेवून धुवावी लागते. त्यामुळे स्टुडिओवाले पुढे कितीतरी वर्षं ऑर्थोवरच काम करत राहिले. आपल्या घरांतले आजी-पणजीचे बहुतेक फोटो असेच निघालेले आहेत. लाल लुगडं काळं, कुंकू काळं, ओठ काळे, आणि आकाश नुसतं पांढरं.

आता यात एक्स-रे कुठून आला? क्ष-किरण फिल्मवर थेट फारच थोडा परिणाम करतात. म्हणून कॅसेटमध्ये फिल्मच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रीन असते. किरण लागले की ती स्क्रीन चमकते आणि फिल्म ती चमक टिपते. जुन्या स्क्रीन निळ्या चमकायच्या, नंतरच्या हिरव्या. फिल्मला तेवढाच रंग कळला की काम भागलं, लालशी तिला घेणंदेणं नाही. थोडक्यात, मी १९८८ पासून इस्पितळात रोज हाताळत होते ती फिल्म रंगांच्या बाबतीत माझ्या पणजीच्या काळातली होती. हे माझ्या लक्षात यायला मात्र वीस वर्षं लागली.

एक्स-रेच्या खोक्यावर मुदत छापलेली असते. मुदत संपली की ती फिल्म पेशंटसाठी वापरायची नाही, आणि हा नियम अगदी योग्य आहे. फिल्म म्हातारी झाली की न वापरताच तिच्यावर करडी झाक येते. तिला आम्ही फॉग म्हणतो. हाडाला गेलेली केसासारखी बारीक चीर त्या झाकेत हरवू शकते. मग अशी खोकी चांदी काढणाऱ्यांना किलोवर विकली जातात. आमच्याकडची चार खोकी मी रीतसर पावती करून घेतली. माझा धाकटा भाऊ म्हणाला, 'लोक रिटायर होताना घड्याळ आणतात, तू भंगार आणलंस.'

कॅमेरा त्याआधीच घरात आला होता. एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा घेतलेला, सागवानी, केरळात आलप्पुळला बनलेला वागीश्वरी. आपल्यातल्या थोरल्यांना तो आठवेल. शाळेच्या ग्रुप फोटोला काळ्या कापडात डोकं घालून फोटोग्राफर उभा राहायचा, तोच प्रकार. यात रीळ नसतं, एका फोटोला एक सुटा ताव. माझा ताव 'फुल प्लेट' आहे, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. त्या आकाराला आज बाजारात तयार फिल्म मिळणं कठीण. एक्स-रेची फिल्म मात्र दहा बाय बारा इंचांची असते. लाल दिव्याखाली कटरने कापली, पत्र्याच्या पातळ चौकटीत सरकवली की काचेच्या प्लेटसाठी बनलेल्या होल्डरमध्ये बरोबर बसते.

जुनी फिल्म वापरणाऱ्यांत एक ठोकताळा चालतो: मुदत संपून दहा वर्षं झाली की प्रकाश दुप्पट द्या. माझा त्यावर विश्वास नाही. फिल्म कुठे राहिली यावर सगळं अवलंबून असतं, आणि वसईच्या हवेत तर फारच. समुद्र, चार महिने पाऊस, त्यात माळ्यावरची उष्णता. एकाच महिन्यात मुदत संपलेल्या माझ्या दोन खोक्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला, कारण एक वातानुकूलित खोलीत होतं आणि दुसरं जिन्याखाली. म्हणून खोकं उघडलं की पहिले दोन ताव मी त्या खोक्यालाच विचारण्यात घालवते.

पहिला ताव कॅमेऱ्यात घालतच नाही. त्याचे दोन तुकडे करते. एक नुसता फिक्सरमध्ये, दुसरा आधी डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये. दोन्ही वाळले की शेजारी शेजारी ठेवून उजेडात बघते. पहिला स्वच्छ निळसर होतो, कारण एक्स-रेच्या फिल्मचा पायाच निळसर असतो. दुसरा त्याहून जितका काळपट, तितका फॉग. कडांना तो सहसा जास्त असतो, म्हणून दहा बाय बाराच्या मधूनच माझा ताव काढते आणि कडा टाकून देते.

दुसरा ताव कॅमेऱ्यात. समोर एकसारख्या उजेडातली भिंत. होल्डरची झडप पूर्ण काढून एक सेकंद, मग पाव भाग झाकून एक सेकंद, अर्धा झाकून दोन सेकंद, पाऊण झाकून चार. म्हणजे एकाच तावावर एक, दोन, चार आणि आठ सेकंदांचे चार पट्टे मिळतात. त्यातला जो पट्टा फॉगच्या वर नीट उठून दिसतो, तो त्या खोक्याचा खरा वेग. माझ्याकडची हिरवी ओळखणारी ताजी फिल्म उन्हात साधारण ८० वेगाची निघाली होती. जिन्याखालचं खोकं २५ वर आलं. फॉग दाबायला डेव्हलपरमध्ये किंचित पोटॅशियम ब्रोमाइड घालते, पण त्याने वेग आणखी थोडा उतरतो, फुकट काही नाही. (समितीची क्षमा मागते, केमिकलचं नाव आलंच.)

बाकीच्या कटकटी भराभर सांगते. या फिल्मला दोन्ही बाजूंना लेप असतो, त्यामुळे ट्रेमध्ये जरा घासली की ओरखडा. मी ट्रेच्या तळाशी काच ठेवते आणि एका वेळी एकच ताव धुते. मागे परावर्तन थांबवणारा थर नसतो, म्हणून खिडकी चौकटीत आली की तिच्याभोवती धुकं पसरतं. किल्ल्यातल्या चर्चच्या कमानींत ते मला आवडतं, माणसाच्या चेहऱ्यामागे नको वाटतं. फ्रिजमधून काढलेलं खोकं निदान अर्धा दिवस बंदच ठेवायचं, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत आत पाणी धरतं. आणि माणसांचे चेहरे आहेत त्याहून सावळे येतात, डाग-सुरकुत्या ठळक होतात. ज्यांना तरुण दिसायचं आहे त्यांनी फोन वापरावा.

आता एका फोटोची गोष्ट. आपल्याच वर्गातल्या एकीच्या घरातला आहे, तिची परवानगी घेऊन सांगते, नाव घेत नाही. तिच्या आजीचा स्टुडिओत काढलेला फोटो, मांडीवर मान न धरलेलं तान्हं बाळ. बाळ कोण, यावर घरात वर्षानुवर्षं वाद. तिचे वडील १९३७ चे, ते म्हणायचे तो मी. काका १९४० चे, आजोबा वारल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेले. आजीचं लुगडं काळं, म्हणजे फोटो दुखवट्याच्या वर्षातला, म्हणून बाळ काका, असं सगळं घर धरून चाललं होतं. वडिलांचं कुणी ऐकत नव्हतं.

मी तिला विचारलं, आजीचं एखादं लुगडं आहे का? पेटीत होतं, लाल. ते घेऊन मी दोन फोटो काढले, एक पॅनक्रोमॅटिक फिल्मवर आणि एक एक्स-रेच्या. पहिल्यात लुगडं मध्यम करडं आलं. दुसऱ्यात काळंभोर, अगदी त्या जुन्या फोटोसारखं. पण एवढ्याने फक्त इतकंच ठरलं की काळं दिसतं म्हणून काळंच होतं असं म्हणता येत नाही. खरोखरचं काळं लुगडंही तसंच दिसलं असतं. तिथेच थांबले असते, पण जुना फोटो हाफ प्लेटचा होता, निगेटिव्हवर कागद ठेवून थेट छापलेला. अशा छापात भिंगाखाली धागे मोजावेत इतका तपशील असतो. गुडघ्यावरून आलेल्या काठात तीन फिकट पट्ट्या दिसल्या, मधली रुंद, आणि तिच्या एका बाजूला विणीतला बारीकसा दोष. पेटीतल्या लुगड्याच्या काठात तीच रचना आणि तोच दोष. म्हणजे आजी त्या दिवशी हेच लाल लुगडं नेसली होती. दुखवट्याच्या वर्षात तिने लाल नेसलं नसतं, हे तर काकाही मान्य करत होते.

वडील त्या दिवशी फार खूश झाले. काकांनी फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, 'मग आईबरोबर माझा एकही फोटो नाही.' याचा विचार मी आधी केला नव्हता. तुमच्यापैकी कुणी घरचे जुने फोटो घेऊन माझ्याकडे येणार असाल, तर उत्तर कुणाला ऐकायला लागणार आहे ते आधी बघून या.

माझ्याकडे आता एकच खोकं उरलंय. नवीन मिळवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये 'इंदू' नावाने आपल्या देशात फिल्म बनत असे, एक्स-रेचीही. तो कारखाना बंद पडला. इस्पितळं डिजिटल झाली. हल्ली पाकिटात घालून जी निळी फिल्म तुम्हाला देतात, ती बहुधा ड्राय प्रिंटरवर छापलेली असते, कॅमेऱ्यात तिचा काही उपयोग नाही. तेव्हा मेहेरबानी करून घरच्या गुडघ्याचे आणि मणक्याचे जुने एक्स-रे माझ्यासाठी साठवू नका. गेल्या वर्षी तिघांनी आणून दिले. पण डॉक्टर, दवाखानेवाले वर्गमित्र बसलेत, त्यांच्या कपाटात न उघडलेलं, डार्करूमच्या काळातलं खोकं असेल, तर ते उघडून आत डोकावू नका. तसंच मला फोन करा.

त्या खोक्यातले ताव मी लुगडं नेसणाऱ्या आज्यांसाठी ठेवलेत. अशा आज्याही आता मोजक्याच राहिल्यात, आणि एकदा बसवल्यावर 'फिल्म खराब निघाली, पुन्हा या' असं नव्वदीच्या बाईला सांगता येत नाही. म्हणून माझा नियम असा: प्रत्येकीचे दोन फोटो. पहिला ताज्या फिल्मवर, तो तिच्या घरच्यांसाठी. दुसरा जुन्यावर. ताजी फिल्म महाग पडते, पण चाचणी घेतलेलं खोकंसुद्धा मधल्याच एखाद्या तावाला दगा देऊ शकतं.

जेवणानंतर आपला ग्रुप फोटो आहे, त्याचेही दोनच ताव. मैदानाच्या पश्चिमेला झाडाखाली बाकं मांडलीत. सर आणि बाई पुढच्या खुर्च्यांवर, बुटके मध्ये, उंच मागे, दहावीला उभे होतो तसेच. लेन्सला शटर नाही, मी हाताने टोपी काढून परत लावणार, साधारण अर्धा सेकंद ताज्या फिल्मला आणि पूर्ण सेकंद जुन्या फिल्मला. टोपी निघाली की कुणी हलायचं नाही, मागच्या रांगेने तर मुळीच नाही. आणि लाल साड्या, लाल शर्ट घालून आलेल्यांनी दुसऱ्या फोटोत आपण काळ्या कपड्यांत का, हे मला पुढच्या मेळाव्यात विचारू नये.