घायाळ विमान

पंख फाटला म्हणून विमान लगेच कोसळतेच असे नाही. नियंत्रण हातचे गेले, की खरी कसोटी लागते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतील इंजिन आकाशातच फुटले. पंखांच्या व शेपटीच्या हलत्या पट्ट्यांना बळ पुरविणाऱ्या तेलदाबाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. परंतु तिन्हींच्या नळ्या शेपटीत एकमेकींलगत आलेल्या. कसले हे स्वातंत्र्य! तिन्हींतील तेल वाहून गेले. कप्तान आल्फ्रेड हेन्स यांच्या हाती उरली पंखांखालची दोन इंजिने. प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक-वैमानिक डेनिस फिच त्यांचा जोर कमीअधिक करीत राहिले; डावीकडे वळायचे, तर उजव्याला अधिक जोर. सुमारे पाऊण तासाने सू सिटीच्या धावपट्टीवर विमान आदळले, पेटले. २९६ जणांपैकी १८४ वाचले. पुढे डीसी-१०च्या तिसऱ्या यंत्रणेत गळती होताच तेल अडविणारी झडप बसविण्यात आली.