दोषांसकट आवडलेला चित्रपट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'मला आवडलेली कलाकृती' या विषयावर कोणी अभंगावर बोलले, कोणी कादंबरीवर. मी 'बाहुबली'च्या दुसऱ्या भागावर बोलणार आहे. हसू नका, दोन मिनिटे ऐकून घ्या.

राजमौलींचा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले, हे कोडे घालून गेला. उत्तर मिळाले २८ एप्रिल २०१७ रोजी. मधली पावणेदोन वर्षे हळदीकुंकवालासुद्धा तोच विषय! मूळ चित्रपट तेलुगू व तामीळ. आपण हिंदीत पाहिला, त्यात बाहुबलीला भरदार आवाज दिला आहे तो आपल्या शरद केळकरांनी. खर्चाचा आकडा २५० कोटींच्या घरात सांगतात.

आता दोष. ताडाची झाडे वाकवून, ढालींचे कवच करून सैनिक तटापलीकडे भिरकावले जातात. आपल्याला अंगणातला एक नारळ पाडताना पुरेवाट होते! गाण्यात तर जहाज ढगांतून चालते. पण मला खुपले ते निराळेच. पहिल्या भागात तलवार घेऊन लढणारी अवंतिका येथे जवळजवळ दिसतच नाही.

कित्येकजणी म्हणतात, राज्य चालविणारी शहाणी शिवगामी सांगोवांगीवर विश्वास ठेवून पुत्रासारख्या बाहुबलीच्या जिवावर उठते, हे पटत नाही. मला वाटते, हेच तर खरे आहे. देवसेनेला न विचारता तिने भल्लालदेवाला शब्द दिला आणि मग तो शब्दच तिला न्यायापेक्षा मोठा झाला. अशा मानापायी कितीतरी शहाण्या माणसांची घरे मोडलेली आपण पाहिली आहेत.

देवसेना मात्र दागिन्यांच्या नजराण्याला भुलत नाही. माझे लग्न मला न विचारता कसे ठरविले, असे ती भर दरबारात विचारते, आणि बाहुबली सिंहासन सोडून तिच्या बाजूने उभा राहतो. पुढे बायकांच्या अंगाला हात लावणाऱ्या सेनापतीची बोटे ती छाटते, बाहुबली तर त्याचे मुंडकेच उडवितो. हा काही न्याय नव्हे, हे आपल्याला कळते. तरी आमच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजविल्या, त्या कशासाठी हेही कळते.

दोष दिसले म्हणून आनंद टाकू नये, आणि आनंद झाला म्हणून दोषांवर पांघरूण घालू नये. ताडाची झाडे विसरलात तरी चालेल. पण आपल्या घरी स्थळ येईल तेव्हा बैठकीत शब्द देण्याआधी आत जाऊन मुलीला विचारा. एवढे झाले तर तिकिटाचे पैसे वसूल झाले, असे मी म्हणेन.