हायस्कुलातील मुली आणि मैदान



माझे शिक्षण सातवीपर्यंत. हायस्कुलाची पायरी चढले ती मुलीची आई म्हणून. आपल्या सोलापुरात हरिभाई देवकरण, सेवासदन अशी नावाजलेली हायस्कुले आहेत. तिथे मुलीला घालताना आपण निकाल विचारतो, मैदानाची चौकशी कोणी करीत नाही.

खो-खोला लागते काय? दोन खांब आणि मोकळी जागा. आठजणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, की मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र सारे मैदान मोकळे. हे भाग्य बायकांना एरवी कुठे मिळते म्हणा!

शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरविले. कर्णधार महाराष्ट्राचीच, प्रियांका इंगळे.

आणि आपण? मुलगी नववीत गेली की तिला मैदानावरून घरी आणतो. दहावी आली, रंग काळवंडेल, लोक काय म्हणतील! मुलगा त्याच दहावीत क्रिकेट खेळतो, त्याचा रंग कोणी पाहत नाही.

पुढच्या पालकसभेत मुलींच्या खेळाचा तास केव्हा असतो, एवढे तरी विचारा. सोलापूरचे ऊन कडक खरे, पण सकाळी सातला मैदान गार असते.