थोरियम : संथ धातु

विजेचे दिवे घरोघर येण्यापूर्वीं मंगलकार्यांत गॅसबत्त्या पेटल्या कीं सारें अंगण उजळून निघे. ज्योत निळसर व मंद. झगझगीत प्रकाश देई ती तिच्यावरील नाजूक जाळी. ही जाळी थोरियम धातूच्या ऑक्साइडची असे. हें ऑक्साइड सुमारें ३,३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत वितळत नाहीं. त्यांत शेंकडा एक भाग सेरियम मिसळल्यास प्रकाश शुभ्र होतो, हें ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यानें १८९१ सालीं सिद्ध केलें.

थोरियमचा शोध मात्र त्याहून जुना. नॉर्वेंतून आलेल्या एका काळ्या खनिजांत स्वीडनच्या बर्झेलियसला १८२८ सालीं तें सांपडलें, आणि मेघगर्जनेचा देव थोर याचें नांव त्यानें त्यास दिलें. तें किरणोत्सर्गी असल्याचें जर्मनींत श्मिटनें व पॅरिसमध्यें मारी क्यूरीनें १८९८ सालीं दाखविलें.

नांव उग्र असलें तरी स्वभाव फार संथ. थोरियमच्या कोणत्याहि राशींतील निम्मे अणु फुटण्यास सुमारें १,४०० कोटी वर्षें लागतात. पृथ्वीचें वय ४५४ कोटी वर्षें. तेव्हां तिच्या जन्मकाळच्या थोरियमपैकीं चार पंचमांश अद्याप शिल्लक आहे. त्याचे आल्फा किरण माणसाची कातडीहि भेदीत नाहींत. परंतु तोच धातु शरीरांत शिरला तर त्याचा संथपणाच घातक ठरतो. क्ष-किरणांच्या चित्रांत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्या म्हणून १९३० नंतरच्या काळांत रुग्णांना थोरोट्रास्ट नांवाचें औषध टोंचीत. त्यांतील थोरियम यकृतांत कायमचें राहिलें, आणि वीस-तीस वर्षांनीं कित्येकांना तेथें कर्करोग झाला.

भारताला या धातूचें अगत्य विशेष. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूंत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याचें शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञानें १९०९ सालीं दाखविलें, आणि आज जगांतील मोठ्या सांठ्यांत या वाळूची गणना होते. तथापि थोरियम आपण होऊन अणुभट्टी पेटवीत नाहीं. त्यानें एक न्यूट्रॉन गिळला कीं त्याचें प्रोटॅक्टिनियम बनतें, आणि कांहीं आठवड्यांनीं त्यांतून युरेनियम-२३३ हें खरें इंधन तयार होतें. कल्पाक्कम येथील 'कामिनी' ही लहानशी अणुभट्टी १९९६ सालीं याच इंधनावर सुरू झाली.

ओलें लांकूड पेटविण्यास आधीं चुलींत विस्तव असावा लागतो. थोरियमला तो विस्तव युरेनियम किंवा प्लुटोनियम यांच्याकडूनच घ्यावा लागतो. म्हणून वाळूचे ढीग कितीहि मोठे असले तरी, हा पहिला विस्तव पुरेसा जमेपर्यंत त्यांतून घरचा दिवा लागावयाचा नाहीं.