ताटाची डावी बाजू

(एका सार्वजनिक वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. वाङ्मयाचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. तरीही आहारावर बोलण्यास उभा आहे, त्याला कारण घडले.

काही वर्षांपूर्वी मला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. अशा वेळी आप्तेष्टांकडून सल्ल्यांचा जो वर्षाव होतो, त्यात मीही भिजलो. एक स्नेही म्हणाले, ‘चूल बंद करा, रोग पळेल.’ झाले! सकाळी पालेभाज्यांचा रस, दुपारी काकडी, गाजर, मोड आलेले मूग, रात्री एखादे फळ. पंधरा दिवसांत साखरेचे आकडे उतरले आणि मी भेटेल त्याला उपदेश करू लागलो. एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या कानावर घातली नाही. गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू होती. एका रात्री अंक छपाईला जाण्याच्या घाईत हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, समोरची अक्षरे पुसट झाली. सहकाऱ्याने तोंडात साखर घातली म्हणून निभावले. ती गोळी शरीराला अधिक इन्सुलिन सोडावयास लावणारी होती. आहार निम्म्यावर आला तर मात्राही कमी करावी लागते, आणि ती किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. दोष सर्वस्वी माझा होता.

बरे झाल्यावर मी वाचू लागलो. अपक्वाहाराची ओढ नवी नाही. गांधीजींनी १९२९ साली भिजवून मोड आणलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला असा प्रयोग केला आणि त्याची हकीकत ‘यंग इंडिया’त दिली. काही महिन्यांतच आमांशाने गाठल्यामुळे तो त्यांना सोडावा लागला. निसर्गोपचारावरील त्यांची श्रद्धा त्यामुळे ढळली नाही. आपल्या पुण्याजवळील उरुळी कांचनचे केंद्र १९४६चे. परंतु फसलेला प्रयोग फसला असे सांगण्याचा प्रांजळपणा त्यांच्यापाशी होता. आजच्या रसविक्रेत्यांपाशी तो क्वचितच आढळतो.

झुरिकचे डॉ. बिर्शर-बेन्नर हे तर या पंथाचे आद्य पुरुष. त्यांनी रुग्णांसाठी सिद्ध केलेली ‘म्युस्ली’ म्हणजे मुख्यतः किसलेले सफरचंद, त्यात चमचाभर भिजवलेले ओट, लिंबू, बदाम किंवा अक्रोड, आणि डब्यातले आटवलेले दूध! कच्च्या दुधातून क्षयाचे जंतू जाण्याची त्या काळी मोठी धास्ती होती. म्हणजे मूळ पुरुषालाही अग्नीचे साहाय्य घ्यावे लागलेच.

येथेच आपला घोटाळा होतो. ‘कच्चे’ आणि ‘प्रक्रिया न केलेले’ हे दोन शब्द आपण एकच समजतो. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना चार आठवडे ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यातले, अतिप्रक्रिया केलेले अन्न. दोन आठवडे साधे घरगुती धाटणीचे. दोन्हींत साखर, मीठ, चरबी, तंतू यांचे प्रमाण सारखे राखले, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. कारखान्याच्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती. दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढले, आणि साध्या अन्नावर तेवढेच उतरले. ते साधे अन्न बव्हंशी शिजवलेलेच होते. म्हणजे हानी पाकिटाने केली, चुलीने नव्हे.

उलट, वर्षानुवर्षे केवळ कच्च्यावर राहणाऱ्या २०१ लोकांची जर्मनीत तपासणी झाली. त्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण ३८ टक्के लोकांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली. आपल्या शाकाहारी घरांत ही उणीव आधीच मुक्कामाला असते. ‘मेटफॉर्मिन’ दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींमध्येही ती उद्भवते.

आणि बागेबाहेरचा तो दुधीचा रस! २०१० साली दिल्लीत एका मधुमेही गृहस्थाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने समिती नेमली. तिचा निर्वाळा स्पष्ट होता: रस कडू लागला तर तो पिऊ नये. दुधीच्या कुळात ‘कुकुरबिटासिन’ नावाचे कडू विष कधी कधी वाढते. आपली मानसिकता अशी, की जितके कडू तितके औषधी; आणि नाक दाबून पेला रिता करतो. घरी दुधी चिरताना आई एक फोड चाखून पाहत असे, ते उगीच नव्हे.

ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांनी रस आणि शहाळी यांपासून विशेष जपावे. त्यांतले पोटॅशियम रक्तात साठले तर हृदयाची गती बिघडते. रक्त पातळ करणारी ‘वॉरफेरिन’ घेणाऱ्यांनी एकाएकी पालेभाज्यांचा मारा करू नये. औषधाचा तोल जातो.

मग कच्चे खाऊच नये काय? आपल्या ताटाने त्याला जागा कधीच नेमून दिली आहे. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर. चैत्रात भिजवलेल्या हरभऱ्याची कैरी घालून केलेली डाळ, काकडीची खमंग कोशिंबीर, गाजराचा कीस. गेल्या पिढीत ही डावी बाजू आक्रसून फोडीपुरती उरली आणि बिस्किटांचे डबे वाढले. मी एवढेच केले आहे, की बिस्किटे बंद करून कोशिंबिरीची वाटी मोठी केली. उजवीकडे ज्वारीची भाकरी, उसळ आणि शिजवलेली भाजी आहेच. गोळी अर्ध्यावर आली आहे, डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी साखर दोनदा पाहून मगच ती अर्धी केली.

पुढील तपासणी येत्या महिन्यात आहे.