दात आला नाही, दोष कुणाचा?



आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या समोरच्या दोन दातांच्या बाजूचे वरचे दुधाचे दात पडले, पण नवे आलेच नाहीत. घरात बोलणं सुरू झालं, "पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात घेतलीस, त्याचं हे फळ!" बैठकीत ती रडली. मग आम्ही दोघी मुलीला घेऊन तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढला, तर हिरडीच्या आत ते दात नव्हतेच.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचे दात कमी आहेत का?" तेव्हा तिला आठवलं, मुलीच्या वडिलांनाही वरचा एक दात कधी आला नाही.

असं का होतं? आपल्या पेशींमध्ये आईकडून आणि वडिलांकडून आलेली जनुकं असतात. जनुक म्हणजे शरीर घडवण्याची सूचना. सूचना सगळीकडे जवळपास सारख्याच, पण कुठल्या पेशीने कुठली सूचना कधी वाचायची, याला क्रम असतो. पापड करताना लाटता सगळ्याजणींना येतं, पण पीठ मळून झाल्याशिवाय कुणी लाटायला बसत नाही. तसंच हे.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना दुधाच्या दातांची तयारी सुरू होते. जबड्यातला वरचा थर जाड होतो आणि खालच्या थराला निरोप देतो. मग खालच्या थरात एमएसएक्स-१ आणि पॅक्स-९ ही जनुकं कामाला लागतात आणि उलट निरोप वर जातो. या देवाणघेवाणीतून दाताची कळी वाढते, तिला आकार येतो. खालच्या पेशी दाताचा आतला भाग घडवतात, वरच्या पेशी त्यावर कडक कवच चढवतात. पुढे कायमचे दातही असेच घडतात.

निरोप मध्येच अडला, तर कळी तिथेच थांबते. १९९६ साली एका कुटुंबात काही दात न येण्याचं कारण एमएसएक्स-१ मधला बदल असल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं. २००० साली दुसऱ्या एका कुटुंबात पॅक्स-९ मधला बदल सापडला. असा बदल आई किंवा वडील, कुणाकडूनही येऊ शकतो. तो कुणी मागून घेतलेला नसतो. म्हणून दोष आईचा नाही, तसा वडिलांचाही नाही. ग्रहणाचा तर नाहीच नाही.

मग काय करायचं? दात पडून बरेच महिने झाले आणि नवा आला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दुधाचा दात टिकून असेल, तर घरी ओढून काढू नका. खाली नवा दात नसेल, तर तोच उपयोगी पडतो. बरेच दात कमी, केस विरळ आणि मुलाला घामही येत नसेल, तर लवकर दाखवा. अशा मुलाला उन्हाचा त्रास लगेच होतो. आणि एक लक्षात ठेवा. कवच बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येताना संपून जातात. झिजलेलं कवच पुन्हा येत नाही, म्हणून आहेत ते दात रोज दोन वेळा घासा.

आम्ही तो एक्स-रे सासूबाईंना दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या तपासणीला नातीला घेऊन त्या स्वतः गेल्या.