सांत्वन आणि उपचार
(समुपदेशक व मानसोपचारकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)

अध्यक्षीय भाषणाने शास्त्राच्या सर्व शाखांचा धावता आढावा घ्यावा आणि कोणालाही न दुखावता संपावे, अशी एक रूढी आहे. प्रस्तुत भाषणात ती पाळलेली नाही. मानसिक आघात आणि चिंता यांवरील उपचारपद्धतींची नावे आज इतकी झाली आहेत की त्यांची नुसती जंत्री वाचण्यातच वेळ संपेल, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडणार नाही. म्हणून येथे एकच मुद्दा लावून धरला आहे. आघातातून आणि चिंतेतून बाहेर काढणाऱ्या ज्या पद्धती संशोधनाच्या कसोटीला उतरल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी, माणूस ज्या आठवणीपासून, जागेपासून किंवा शारीरिक संवेदनेपासून पळतो तिच्याजवळ त्याला सुरक्षितपणे आणि पुन्हा पुन्हा नेणे हेच तत्त्व आहे. महाराष्ट्रातील समुपदेशनाचा मोठा भाग मात्र अजून धीर देणे, समजूत घालणे आणि ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगणे यांतच रमलेला आहे.

आघात हा शब्द अलीकडे फार सैल वापरला जातो, त्यामुळे त्याची व्याप्ती आधी आखून घेणे आवश्यक ठरते. जीवघेणा प्रसंग, गंभीर दुखापत किंवा लैंगिक अत्याचार स्वतःवर ओढवणे अथवा डोळ्यांदेखत घडणे, आणि त्यानंतर काही काळाने सावरण्याऐवजी मन त्या प्रसंगाभोवतीच अडकून राहणे, या स्थितीला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली तिसऱ्या आवृत्तीत दाखल झाला, आणि त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा आग्रह होता, तसा बलात्कारपीडित स्त्रियांसोबत काम करणाऱ्यांचाही होता. नको असताना उसळणाऱ्या आठवणी आणि दुःस्वप्ने, त्या आठवणी जाग्या करील असे सर्व काही टाळणे, स्वतःविषयी व जगाविषयी काळवंडलेले विचार, आणि सतत दचकत राहण्याइतकी सावधता, अशी त्याची लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, बालपणातील दीर्घकालीन छळासारख्या अनुभवांतून येणारा जटिल आघातविकार वेगळा नोंदवला आहे, कारण तेथे भावनांवरचा ताबा, स्वतःची किंमत आणि नाती यांचीही पडझड झालेली असते.

यांपैकी टाळण्याचे लक्षण सर्वांत कमी बोभाटा करते आणि सर्वांत जास्त नुकसान करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली गावे जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड माळवदांखाली गाडली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. वाचलेल्यांपैकी अनेक जण त्यानंतर दगडी घरात पाऊल ठेवायला तयार नव्हते, आणि पत्र्याच्या शेडमधला उकाडा त्यांना परवडत होता. धक्के चालू असताना ही भीती शहाणपणाचीच होती. भीती विकार कधी होते, तर धोका टळूनही जेव्हा ती दगडावरून सगळ्याच छपरांवर, छपरावरून रात्रीवर आणि रात्रीवरून झोपेवर पसरत जाते तेव्हा. माणूस दरवेळी बाहेर पळतो, पळाल्याबरोबर जीव शांत होतो, आणि ती शांतताच पुढच्या वेळी पळण्याची सवय पक्की करते; घरात थांबूनही काही होत नाही, हे शिकण्याची संधी त्याला कधी मिळतच नाही. ओ. होबार्ट मॉवरर या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडलेल्या द्विघटक सिद्धान्ताचा गाभा हाच आहे. अँके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांनी २००० साली त्यात स्मृतीची बाजू जोडली : आघाताची आठवण काळाच्या चौकटीत नीट बसलेली नसते, त्यामुळे ती भूतकाळातली घटना म्हणून न आठवता आत्ताच घडत असल्यासारखी अंगावर येते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एड्ना फोआ यांनी विकसित केलेली दीर्घ सान्निध्य पद्धती या आकलनावर उभी आहे. ती जवळून पाहिली म्हणजे सांत्वनापेक्षा ती किती वेगळी आहे हे ध्यानात येते. साधारण नव्वद मिनिटांच्या सत्रात व्यक्ती डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, आत्ता घडत असल्याप्रमाणे सांगते. सांगून संपले की पुन्हा पहिल्यापासून सांगते. उपचारक मधूनमधून, शून्य ते शंभर या मोजपट्टीवर अस्वस्थता किती आहे, एवढेच विचारतो. हे कथन ध्वनिमुद्रित होते आणि ते रोज घरी ऐकणे हा गृहपाठ असतो. सोबतच टाळलेल्या जागांची व कृतींची चढत्या भीतीची यादी केली जाते आणि खालच्या पायरीपासून प्रत्यक्ष सुरुवात होते. पहिल्या दोनतीन सत्रांत काहींचे रडणे वाढते, झोप बिघडते, घरचे लोक ‘कशाला उगाच खपल्या काढता’ म्हणून तक्रार करतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर अननुभवी उपचारक कच खातो. जो टिकतो त्याला पुढे दिसते की कथनात ज्या क्षणी आवाज अडत होता तोच क्षण हळूहळू सलग वाक्यांत सांगता येऊ लागला आहे.

चिंताविकारांत टाळण्याचे विषय बदलतात, यंत्रणा बदलत नाही. पॅनिकच्या झटक्यात छातीत धडधडते, हातपाय गार पडतात आणि ‘आता मी जाणार’ अशी खात्री वाटते; ईसीजी आणि टू-डी इको सामान्य येऊनही हा अनुभव घेतलेला माणूस जिना चढणे सोडतो, गर्दीची लोकल सोडतो आणि खिशात अल्प्राझोलामची पट्टी ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले की येथे साध्या शारीरिक संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो आणि त्या अर्थामुळेच संवेदना वाढत जाते. उपचारात म्हणून त्या संवेदना मुद्दाम निर्माण करतात : बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा, फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचे, जागच्या जागी धावायचे, आणि छाती धडधडत असताना पाण्याची बाटली, गोळी किंवा कोणाचा हात यांचा आधार न घेता थांबायचे. झटक्याच्या वेळी नुसता दीर्घ श्वसनाचा सल्ला देणारे समुपदेशक हेतूने चांगले असतात. पण त्या श्वसनाचेच रूपांतर खिशातल्या गोळीसारख्या कुबडीत होते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही.

येथे मराठी परंपरेचा उल्लेख टाळता येणार नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणला आणि रुजवला. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनाने तो मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचवला. आगरकरांच्या वारशावर वाढलेल्या वाचकाला वाद घालून अविवेकी समज खोडून काढणारी ही पद्धत जवळची वाटली यात नवल नाही. पण त्याच आवडीपायी तिचा दुसरा निम्मा भाग मागे पडला. एलिस स्वतः वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्सच्या वनस्पतिउद्यानात शंभर अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलले होते, आणि पुढे लाज मोडण्याचे प्रत्यक्ष प्रयोग त्यांनी उपचारात कायम ठेवले. फळ्यावर चौकटी काढून विचार तपासण्याची कला महाराष्ट्रात भरपूर शिकवली जाते. उद्यानात जाऊन उभे राहण्याची कला त्या मानाने फारच थोडी.

डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली, फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धती सध्या शहरांतून कार्यशाळांच्या मोठ्या फीसह पसरत आहे. ती परिणामकारक आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात उपयोगी पडते ते डोळ्यांचे हलणे की आघाताची आठवण समोर ठेवून बसणे, हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि प्रस्तुत भाषणाचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

निर्वासितांसाठी विकसित झालेल्या आख्यानात्मक सान्निध्य उपचाराचा विचार महाराष्ट्राने अधिक आस्थेने करायला हवा. यात जमिनीवर एक दोरी पसरतात, तिचे एक टोक जन्म मानून व्यक्ती तिच्यावर आयुष्यातील सुखद घटनांसाठी फुले आणि भयंकर घटनांसाठी दगड ठेवत जाते, आणि मग सत्रागणिक एकेका दगडाची कहाणी आधीच्या आणि नंतरच्या आयुष्यासकट सांगितली व लिहून घेतली जाते. युगांडातील नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियातून आलेल्या निर्वासितांवर हा उपचार त्याच वसाहतीतील, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी यशस्वीपणे केला. एकाऐवजी अनेक आघात सोसलेल्यांना तो विशेष मानवतो, आणि पुढच्या बाजूला मोकळी उरलेली दोरीही सत्रात सर्वांना दिसत असते, याचा परिणाम कमी लेखू नये.

सान्निध्याचा आग्रह धरताना त्याच्या मर्यादा नोंदवणे भाग आहे. दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एका बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती. चाचण्यांत ती निरुपयोगी आणि काहींच्या बाबतीत अपायकारकही ठरली. पहिल्या दिवसांत निवारा, अन्न, नातेवाइकांची माहिती आणि बोलावेसे वाटल्यास ऐकणारा माणूस एवढे पुरते, कारण बहुसंख्य लोक काही महिन्यांत आपणहून सावरतात. ज्या स्त्रीला आज रात्रीही मारहाण होणार आहे तिची भीती खोटी नाही. तिला संरक्षण अधिकारी, निवारा आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आधार आधी हवा, आठवणींचे काम नंतर. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा जगाशी जोडले जाणे असे तीन टप्पे सांगितले ते याच जाणिवेतून. पण पहिल्या टप्प्यावर वर्षानुवर्षे रेंगाळणारे उपचारही दिसतात, आणि तेथे सुरक्षिततेची गरज रुग्णापेक्षा उपचारकाला अधिक असल्याचा संशय येतो. आघाताचे तपशील ऐकणे अंगावर येते. सान्निध्याचे प्रशिक्षण घेतलेले अनेक जण प्रत्यक्षात ते वापरत नाहीत, असे परदेशांतील पाहण्यांतही आढळले आहे. रुग्णाने टाळावे आणि उपचारकाने त्याला साथ द्यावी, असा हा मूक करार आहे.

हे काम एवढ्या लोकांपर्यंत पोचवणार कोण, हा प्रश्न रास्तच आहे. निमहान्सच्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसाधारण मानसिक विकार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. गोव्यातील ‘संगथ’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने यावर मांडलेले उत्तर मराठी समुपदेशकांच्या दाराशीच आहे : स्थानिक, सर्वसाधारण शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्याकरवी सहा ते आठ सत्रांचे उपचार देणे. नैराश्यासाठी त्यांनी वापरलेली वर्तन-सक्रियता, म्हणजे मनाची उभारी येण्याची वाट न पाहता सोडून दिलेली कामे पुन्हा हाती घेणे, हीसुद्धा टाळलेल्या आयुष्याकडे परत जाण्याचीच पद्धत आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत अशीच सेवा दिली आणि नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण त्या गावांत लक्षणीय वाढले. या प्रयोगांत पदवीपेक्षा दर आठवड्याचे पर्यवेक्षण निर्णायक ठरले. सत्रांची ध्वनिमुद्रणे सहकाऱ्यांनी एकत्र ऐकली आणि त्यांना गुण दिले, हा भाग खासगी व्यवसाय करणाऱ्या अनेकांना अवमानकारक वाटेल.

अधिवेशनातील उद्याच्या कार्यशाळेपुढे म्हणून दोन अडचणी स्पष्ट शब्दांत ठेवलेल्या बऱ्या. पंचेचाळीस मिनिटांच्या ठरावीक वेळेत दीर्घ सान्निध्याचे सत्र बसत नाही, कारण अस्वस्थता चढून उतरायला अनेकदा त्याहून अधिक वेळ लागतो आणि ती चढलेली असतानाच पुढच्या माणसाला आत बोलावणे घातक असते. नव्वद मिनिटांची फी न परवडणाऱ्यांसाठी जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून किमान एक दुपार अशा सत्रांसाठी राखून ठेवता येईल का, याचा हिशेब मांडावा लागेल. दुसरी अडचण संमतीची आहे. उपचाराच्या आरंभी त्रास वाढू शकतो हे रुग्णाला, आणि त्याची परवानगी असल्यास घरच्यांनाही, पहिल्याच भेटीत लेखी सांगितले नाही तर तिसऱ्या सत्रानंतर रुग्ण येणे थांबवतो आणि उपचार अपयशी ठरला अशी नोंद होते. अशा संमतिपत्राचा एक मराठी नमुना, साध्या बोलीत, कार्यशाळेत चर्चेसाठी वाटला जाणार आहे.